फ्रेडी मर्क्युरी : पाचगणीचा विद्यार्थी आणि हुकलेला ग्रॅमी

न्यूयॉर्क येथील रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये २५ फेब्रुवारी १९८१ रोजी तेविसावा ग्रॅमी पुरस्कार सोहळा पार पडला. अमेरिकेच्या ध्वनिमुद्रण क्षेत्रातील हा सर्वोच्च सन्मान मानला जातो. त्या वर्षी युगुल किंवा समूहाच्या सर्वोत्कृष्ट रॉक गायनासाठी पाच नामांकने होती. पिंक फ्लॉइड, ब्लाँडी, प्रिटेंडर्स, बॉब सीगर व त्यांचा सिल्व्हर बुलेट बँड आणि 'क्वीन' हा ब्रिटिश संगीतसमूह असे ते पाच स्पर्धक होते. पुरस्कार बॉब सीगर यांच्या 'अगेन्स्ट द विंड' या ध्वनिमुद्रिकेला मिळाला. 'क्वीन'चे प्रमुख गायक फ्रेडी मर्क्युरी यांच्या हयातीत रॉक गायनाचा ग्रॅमी त्यांच्या इतक्या जवळ पुन्हा कधी आला नाही.

पुढे २००५ मध्ये ब्रिटनमधील एका वाहिनीने कलावंत, पत्रकार आणि संगीत व्यवसायातील जाणकारांचा कौल घेतला. मर्क्युरी यांनी १९८५ साली लंडनमध्ये केलेले सुमारे २१ मिनिटांचे सादरीकरण त्यांनी रॉकच्या इतिहासातील सर्वश्रेष्ठ ठरविले. ज्या व्यवसायाने रॉक गायनाचा पुरस्कार या कलावंताला दिला नाही, त्याच व्यवसायातील मंडळींनी त्याला मरणोत्तर अग्रस्थान दिले. झांझिबारमध्ये जन्मलेल्या, सातारा जिल्ह्यातील पाचगणी येथे शिकलेल्या आणि लंडनमध्ये नावारूपाला आलेल्या या गायकाचे जीवन ही विसंगती समजून घेण्यासाठी पाहण्यासारखे आहे.

झांझिबार ते पाचगणी

फ्रेडी मर्क्युरी यांचे मूळ नाव फारुख बुलसारा. त्यांचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजी आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळील झांझिबार बेटावर एका पारशी कुटुंबात झाला. बुलसारा हे आडनाव बुलसार, म्हणजे गुजरातमधील आजच्या वलसाड या गावावरून आले. हे गाव त्या काळी मुंबई इलाख्यात होते. वडील बोमी हे ब्रिटिश सरकारच्या सेवेत रोखपाल होते. आईचे नाव जेर. धाकटी बहीण कश्मिरा हिचा जन्म १९५२ चा.

चांगल्या शिक्षणासाठी मुलाला बोर्डिंग शाळेत ठेवण्याचा निर्णय आईवडिलांनी घेतला आणि वयाच्या आठव्या वर्षी फारुख समुद्रमार्गे मुंबईला आला. पाचगणी येथील सेंट पीटर्स स्कूलमध्ये त्याचे नाव दाखल झाले. ब्रिटिश धर्तीवर चालणाऱ्या निवासी शाळांसाठी हे थंड हवेचे ठिकाण त्या काळीही प्रसिद्ध होते. आईवडील दूर असल्याने सुट्यांमध्ये तो मुंबईतील आजी आणि आत्या-मावश्यांच्या सहवासात राहत असे. शाळेतच त्याला फ्रेडी हे नाव मिळाले आणि घरच्या मंडळींनीही ते स्वीकारले.

मुष्टियुद्ध, टेबल टेनिस आणि चित्रकला यांत तो चमकला. परंतु त्याचे वेगळेपण दिसले ते पियानोवर. एकदा ऐकलेली चाल तो सहज वाजवून दाखवीत असे. मुख्याध्यापकांच्या हे लक्षात आले आणि त्यांनी पियानोच्या जादा शिकवणीची सूचना केली. फ्रेडीने पाश्चात्त्य पद्धतीच्या चौथ्या श्रेणीपर्यंतच्या परीक्षा दिल्या. १९५८ च्या सुमारास त्याने चार मित्रांसह 'द हेक्टिक्स' हा वाद्यवृंद स्थापन केला. क्लिफ रिचर्ड आणि लिटल रिचर्ड यांची गाजलेली गाणी ही मुले शाळेच्या कार्यक्रमांत वाजवीत. पुढे जगातील श्रेष्ठ गायकांत गणला गेलेला हा मुलगा त्या वाद्यवृंदाचा प्रमुख गायक नव्हता. ते काम दुसऱ्या विद्यार्थ्याकडे होते आणि फ्रेडी पियानोवर साथ करीत असे.

जन्मतःच तोंडात चार दात अधिक असल्याने त्याचे पुढचे दात बाहेर आलेले होते आणि त्यावरून शाळेत त्याची थट्टा होई. मोठेपणी पैसा आणि प्रसिद्धी दोन्ही मिळाल्यावरही त्यांनी ते दात काढून घेतले नाहीत. त्यामुळे आवाजात बदल होईल, अशी भीती त्यांना वाटत असे.

लंडनमधील उमेदवारी

फ्रेडी १९६३ मध्ये झांझिबारला परतले. पुढच्याच वर्षी, जानेवारी १९६४ मध्ये, बेटावर क्रांती झाली आणि सुलतानाची सत्ता उलथवून टाकण्यात आली. हिंसाचारात अनेक अरब आणि भारतीय वंशाच्या रहिवाशांचा बळी गेला. बुलसारा कुटुंबाने मोजके सामान घेऊन इंग्लंड गाठले. लंडनच्या हीथ्रो विमानतळाजवळील फेल्टम या उपनगरात, ग्लॅडस्टन ॲव्हेन्यूवरील एका छोट्या घरात त्यांचा संसार नव्याने सुरू झाला.

फ्रेडी यांनी आधी आयलवर्थ येथे कलाशिक्षण घेतले आणि १९६६ मध्ये ईलिंग येथील कलामहाविद्यालयात प्रवेश मिळविला. १९६९ मध्ये त्यांनी ग्राफिक कला व चित्रांकन या विषयातील पदविका पूर्ण केली. शिक्षण घेत असताना आणि त्यानंतरही त्यांनी विमानतळावर सामान हाताळण्यासारखी कामे केली. केन्सिंग्टन मार्केटमध्ये त्यांनी रॉजर टेलर यांच्यासोबत जुन्या कपड्यांची विक्रीही केली.

टेलर हे 'स्माइल' या समूहात ड्रम वाजवीत असत. याच समूहात ब्रायन मे हे गिटारवादक होते आणि टिम स्टाफेल हे गायक व बेसवादक फ्रेडी यांचे ईलिंगमधील सहाध्यायी होते. फ्रेडी यांनी स्वतः 'आयबेक्स' आणि 'सावर मिल्क सी' या समूहांतून गाऊन पाहिले. मात्र तेथे फारसे यश आले नाही. १९७० मध्ये स्टाफेल 'स्माइल'मधून बाहेर पडले आणि त्यांची जागा फ्रेडी यांनी घेतली. समूहाला 'क्वीन' हे नाव त्यांनीच सुचविले. सुमारास त्यांनी बुलसारा हे आडनाव टाकून मर्क्युरी हे नाव धारण केले. १९७१ मध्ये बेसवादक जॉन डीकन समूहात आले आणि चौघांचा हा संच पुढील वीस वर्षे कायम राहिला.

कलामहाविद्यालयातील शिक्षण येथे कामी आले. चारही सदस्यांच्या राशींवर आधारित समूहाचे मानचिन्ह मर्क्युरी यांनी स्वतः रेखाटले. त्यात सिंह राशीचे दोन सिंह, कर्केचा खेकडा, कन्येच्या दोन पऱ्या आणि सर्वांवर पंख पसरलेला फिनिक्स पक्षी आहे. संगीत जितके ऐकण्याचे, तितकेच ते पाहण्याचेही आहे, ही त्यांची धारणा पहिल्यापासून दिसते.

'बोहेमियन रॅप्सडी' आणि पहिली नामांकने

'क्वीन'चा पहिला गीतसंच जुलै १९७३ मध्ये प्रकाशित झाला. १९७४ मध्ये 'सेव्हन सीज ऑफ राय' हे मर्क्युरी यांचे गीत ब्रिटनमध्ये पहिल्या दहांत पोहोचले. त्याच वर्षी 'किलर क्वीन'ने दुसरे स्थान मिळविले. लौकिक वाढत असला तरी चौघांची आर्थिक स्थिती त्या काळात ओढाताणीचीच होती.

या पार्श्वभूमीवर १९७५ मध्ये 'अ नाइट ॲट द ऑपेरा' या गीतसंचाचे काम सुरू झाले. त्यातील 'बोहेमियन रॅप्सडी' हे मर्क्युरी यांचे गीत ५ मिनिटे ५५ सेकंदांचे होते. त्या काळी आकाशवाणी केंद्रांवर वाजणारी लोकप्रिय गाणी सामान्यतः तीन-साडेतीन मिनिटांची असत. या गीतात ध्रुपद नव्हते. संथ पियानो, गिटारचा तुकडा, ऑपेराच्या धाटणीचे समूहगान, त्यानंतर जोरकस रॉक आणि शेवटी पुन्हा शांत समारोप, अशी त्याची रचना होती. मधल्या भागात एखादे मोठे गायकवृंद गात असल्याचा भास होतो. प्रत्यक्षात मर्क्युरी, मे आणि टेलर या तिघांनीच आपले आवाज एकावर एक मुद्रित केले होते. चोवीस मार्गिकांच्या फितीवर ही थर चढविण्याची क्रिया सुमारे १८० वेळा करावी लागली, असे सांगितले जाते. संपूर्ण गीताचे ध्वनिमुद्रण सुमारे तीन आठवडे चालले.

इतके लांब गीत कोणी वाजविणार नाही, असा इशारा कंपनीतील जाणकारांनी दिला होता. ३१ ऑक्टोबर १९७५ रोजी ते प्रकाशित झाले आणि ब्रिटनच्या विक्री-क्रमवारीत सलग नऊ आठवडे पहिल्या स्थानावर राहिले. मर्क्युरी यांना या गीतलेखनासाठी ब्रिटनचा प्रतिष्ठेचा आयव्हर नॉव्हेलो पुरस्कार मिळाला. ब्रिटिश ध्वनिमुद्रण उद्योगाने १९७७ मध्ये मागील पंचवीस वर्षांतील सर्वोत्कृष्ट एकल गीताचा सन्मान या गीताला दुसऱ्या एका गीतासह विभागून दिला.

अमेरिकेतील चित्र वेगळे होते. गीत तेथे नवव्या स्थानापर्यंत पोहोचले. फेब्रुवारी १९७७ च्या ग्रॅमी सोहळ्यात त्याला दोन नामांकने होती. त्यांपैकी एक समूहाच्या पॉप गायनासाठी आणि दुसरे आवाजांच्या संयोजनासाठी होते. पहिला पुरस्कार 'शिकागो' या समूहाला, तर दुसरा 'स्टारलँड व्होकल बँड'ला मिळाला. रॉक संगीताचा मानदंड म्हणून पुढे ज्या गीताचे नाव घेतले गेले, ते या स्पर्धेत पॉप विभागात होते. तोपर्यंत ग्रॅमीत रॉक गायनासाठी आजच्या अर्थाने स्वतंत्र विभागच नव्हता.

रॉकचा स्वतंत्र पुरस्कार

ग्रॅमी पुरस्कारांची सुरुवात १९५९ मध्ये झाली. ग्रामोफोनच्या आकाराची स्मृतिचिन्हे देणारा हा पुरस्कार भारतीय रसिकांना पंडित रविशंकर यांच्यामुळे परिचित झाला. व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन यांच्यासोबतच्या ध्वनिमुद्रिकेसाठी त्यांना १९६८ मध्ये तो प्राप्त झाला होता. पुरस्कार देणाऱ्या अकादमीचे सदस्य गायक, वादक, निर्माते, ध्वनिमुद्रक अशा व्यावसायिकांमधून येतात. त्यांच्या मतदानातून विजेता ठरतो आणि निवड होते ती ठरावीक कालावधीत प्रकाशित झालेल्या ध्वनिमुद्रणाची.

रॉक अँड रोलच्या नावाने काही पुरस्कार साठच्या दशकात दिले गेले होते. परंतु गायक, गायिका, समूह आणि वाद्यवादन असे रॉकचे चार स्वतंत्र विभाग प्रथम आले ते फेब्रुवारी १९८० च्या सोहळ्यात. पहिल्या वर्षी बॉब डिलन, डोना समर, 'ईगल्स' आणि पॉल मॅकार्टनी यांचा 'विंग्ज' हा समूह यांना ते मिळाले. डोना समर यांची ओळख प्रामुख्याने डिस्को गायिका अशी होती. रॉक कशाला म्हणावे, याची सीमारेषा पुरस्काराच्या पहिल्याच वर्षी पुसट होती, हे यावरून दिसते.

१९८० हे वर्ष 'क्वीन'साठी अमेरिकेतील यशाचे शिखर ठरले. म्युनिकमधील हॉटेलात मर्क्युरी यांना अंघोळ करताना सुचलेले 'क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह' हे गीत तेथे पहिल्या स्थानावर गेले. 'द गेम' हा गीतसंचही अग्रस्थानी आला. त्यातील 'अनदर वन बाइट्स द डस्ट' हे जॉन डीकन यांचे गीत शरद ऋतूत तीन आठवडे अव्वल राहिले. हे एकल गीत म्हणून स्वतंत्रपणे प्रकाशित करावे, असा आग्रह मायकल जॅक्सन यांनी धरला होता. बेस गिटारच्या ठाशीव आवर्तनावर उभे असलेले हे गीत नृत्यसंगीताला अधिक जवळचे होते आणि कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या आकाशवाणी केंद्रांवरही ते गाजले. रॉक विभागातील नामांकन मिळाले ते याच गीताला. 'द गेम'च्या निर्मितीसाठीही समूहाचे नाव स्पर्धेत होते. ऑपेरा आणि रॉक यांचा मेळ घालणारे गीत पॉप विभागात आणि नाचण्यासाठी वाजविले जाणारे गीत रॉक विभागात, असा हा उलट प्रवास होता.

जानेवारी १९८१ मध्ये अमेरिकन म्युझिक ॲवॉर्ड्स या पुरस्कारांत त्याच गीताने पॉप-रॉक विभागातील लोकप्रिय एकल गीताचा मान मिळविला. ग्रॅमीने मात्र हुलकावणी दिली. मर्क्युरी यांची ताकद एका साच्यात न बसण्यात होती. ब्लूज, डिस्को, जुने नाट्यगृहसंगीत, गॉस्पेल आणि ऑपेरा हे सारे त्यांच्या एकाच गीतसंचात आढळत असे. विभागवार तोलल्या जाणाऱ्या पुरस्कारासाठी हे वैविध्य सोयीचे नव्हते. याशिवाय त्यांच्या कलेचा मोठा भाग तबकडीवर उतरणाराच नव्हता. तो रंगमंचावर घडत असे.

मैदानावरील गायक

ग्रॅमी सोहळ्याला तीन दिवस होत नाहीत तोच, २८ फेब्रुवारी १९८१ रोजी, 'क्वीन'ने अर्जेंटिनाची राजधानी ब्यूनोस आयर्स येथील फुटबॉल मैदानावर कार्यक्रम केला. २० मार्च रोजी ब्राझीलमधील साओ पावलोच्या मोरुंबी मैदानावर त्यांना ऐकण्यासाठी सुमारे १ लाख ३१ हजार श्रोते जमले होते. इंग्रजी न जाणणारे हजारो लोक एका सुरात गात होते. मर्क्युरी यांच्या हाती मायक्रोफोनचा अर्धवट दांडा असे. सुरुवातीच्या काळात एका कार्यक्रमात मायक्रोफोनचा स्टँड मोडला आणि त्यांनी तो तसाच हातात धरून गाणे पुढे चालू ठेवले. तीच पुढे त्यांची ओळख झाली.

यानंतरची वर्षे मात्र कसोटीची ठरली. १९८२ चा 'हॉट स्पेस' हा गीतसंच जुन्या चाहत्यांच्या पसंतीस उतरला नाही. त्या वर्षानंतर मर्क्युरी यांच्यासह 'क्वीन'चा अमेरिकेत दौरा झाला नाही. १९८४ मध्ये 'आय वाँट टू ब्रेक फ्री' या गीताच्या चित्रफितीत चौघेही स्त्रीवेशात दिसले. ब्रिटनमध्ये ती विनोद म्हणून स्वीकारली गेली. अमेरिकेत तिच्यावर प्रतिकूल प्रतिक्रिया उमटली. त्याच वर्षी वर्णभेदाविरुद्धचा सांस्कृतिक बहिष्कार डावलून समूहाने दक्षिण आफ्रिकेतील सन सिटी येथे कार्यक्रम केले. ब्रिटनच्या संगीतकार संघटनेने त्यांना दंड केला आणि संयुक्त राष्ट्रांच्या यादीतही त्यांचे नाव आले. स्वतः आफ्रिकेत जन्मलेल्या आणि एका राजकीय उलथापालथीत घर गमावलेल्या गायकाच्या कारकिर्दीवरील हा डाग पुसता येणारा नाही.

'क्वीन'चा काळ संपत आला, अशी चर्चा सुरू असतानाच १३ जुलै १९८५ हा दिवस उजाडला. इथिओपियातील दुष्काळग्रस्तांसाठी निधी जमविण्याकरिता लंडनचे वेम्बली आणि अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे 'लाइव्ह एड' हा कार्यक्रम एकाच वेळी होत होता. जगातील अनेक देशांत त्याचे थेट प्रक्षेपण चालू होते. प्रत्येक समूहाला सुमारे वीस मिनिटांचा अवधी होता. स्वतःची प्रकाशयोजना नाही, भव्य नेपथ्य नाही आणि दिवसाउजेडी गायचे, अशी परिस्थिती होती. 'क्वीन'ने मात्र लंडनमधील एका नाट्यगृहात घड्याळ लावून काटेकोर तालीम केली होती. गाजलेल्या गीतांचे निवडक भाग जोडून त्यांनी एकसंध कार्यक्रम बांधला होता.

सायंकाळी पावणेसातच्या सुमारास पांढरी बंडी आणि फिकट जीन्स अशा साध्या वेशात मर्क्युरी मंचावर आले. पियानोवर 'बोहेमियन रॅप्सडी'चा आरंभ झाला आणि वेम्बलीतील ७२ हजारांचा समुदाय गाऊ लागला. 'रेडिओ गा गा' या गीताच्या वेळी हजारो हात एकाच तालात डोक्यावर उठून टाळ्या वाजवीत होते. एका टप्प्यावर वाद्ये थांबली. मर्क्युरी यांनी केवळ स्वरांचे आलाप घ्यायचे आणि प्रेक्षकांनी ते परत द्यायचे, असा खेळ सुरू झाला. लांबत जाणारा स्वर त्या अफाट समुदायाने जसाच्या तसा उचलला. आलेल्या गर्दीपैकी बहुतेक जण केवळ 'क्वीन'साठी आलेले नव्हते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या २१ मिनिटांचे महत्त्व कळते. कोणत्याही ध्वनिमुद्रिका-पुरस्काराच्या निकषांत ही गोष्ट मोजण्याची सोय नव्हती.

या यशाने समूहाला नवी उभारी मिळाली. १९८६ च्या युरोप दौऱ्यात हंगेरीची राजधानी बुडापेस्ट येथे त्यांनी कार्यक्रम केला. त्या काळात साम्यवादी राजवटीतील देशात पाश्चात्त्य रॉक समूहाने एवढ्या मोठ्या मैदानावर गाणे ही दुर्मीळ घटना होती. ९ ऑगस्ट १९८६ रोजी इंग्लंडमधील नेबवर्थ येथे एक लाखाहून अधिक श्रोत्यांसमोर दौऱ्याची सांगता झाली. चौघांचा एकत्रित असा तो अखेरचा कार्यक्रम ठरला.

आजार आणि अखेर

मर्क्युरी यांना एचआयव्हीची बाधा झाल्याचे निदान १९८७ मध्ये झाले. मंचावरील त्यांचा वावर जितका बेधडक, तितकेच त्यांचे खासगी जीवन संकोची होते. एकेकाळची सखी मेरी ऑस्टिन ही त्यांची आयुष्यभराची विश्वासू मैत्रीण राहिली. त्यांचे पुरुषांशी असलेले संबंध निकटवर्तीयांना ठाऊक होते. जाहीरपणे त्यांनी याविषयी फारसे बोलणे टाळले. आजाराची माहितीही त्यांनी मोजक्याच लोकांना दिली.

याच काळात त्यांनी एक जुनी इच्छा पूर्ण केली. स्पेनच्या ख्यातनाम ऑपेरा गायिका मोन्सेरात काबाये यांच्यासोबत त्यांनी 'बार्सिलोना' हा गीतसंच सिद्ध केला. १९८८ मध्ये तो प्रकाशित झाला. तेरा वर्षांपूर्वी तीन आवाजांच्या थरांतून ऑपेराचा आभास निर्माण करणारा गायक आता त्या क्षेत्रातील श्रेष्ठ स्वरासमवेत गात होता.

१८ फेब्रुवारी १९९० रोजी लंडनच्या डोमिनियन थिएटरमध्ये ब्रिट पुरस्कारांचा समारंभ झाला. ब्रिटिश संगीतातील भरीव योगदानासाठी 'क्वीन'चा गौरव करण्यात आला. मर्क्युरी आपल्या सहकाऱ्यांसह मंचावर आले. ते कृश दिसत होते. भाषण ब्रायन मे यांनी केले. मर्क्युरी यांनी मोजक्या शब्दांत आभार मानले आणि ते बाजूला झाले. जनतेसमोर मंचावर येण्याची त्यांची ही अखेरची वेळ होती.

शरीर थकत असतानाही स्वित्झर्लंडमधील माँत्रो येथील स्टुडिओत त्यांचे ध्वनिमुद्रण सुरूच होते. 'इन्युएन्डो' हा गीतसंच फेब्रुवारी १९९१ मध्ये प्रकाशित झाला. त्यानंतरही, जमेल तेवढे गाऊन ठेवायचे आणि बाकीचे काम सहकाऱ्यांनी पुढे पूर्ण करायचे, अशा रीतीने ते गात राहिले. हे स्वर १९९५ च्या 'मेड इन हेवन' या संचात रसिकांपर्यंत पोहोचले.

२३ नोव्हेंबर १९९१ रोजी एका निवेदनाद्वारे त्यांनी आपल्याला एड्स झाल्याचे जाहीर केले. दुसऱ्याच दिवशी, २४ नोव्हेंबरच्या सायंकाळी, केन्सिंग्टनमधील 'गार्डन लॉज' या निवासस्थानी त्यांचे न्यूमोनियाने निधन झाले. त्या वेळी ते ४५ वर्षांचे होते. आजार आधी जाहीर केला असता तर जनजागृतीला मदत झाली असती, अशी टीका त्यांच्या पश्चात झाली. त्या काळात या रोगाभोवती असलेली भीती आणि कलंक पाहता त्यांच्या मौनाचे कारणही समजण्यासारखे आहे.

आयुष्यभर आपल्या मूळ ओळखीविषयी फारसे न बोललेल्या या गायकावर लंडनमध्ये पारशी धर्मगुरूंच्या उपस्थितीत अंत्यसंस्कार झाले. त्यांच्या अस्थी कोठे ठेवल्या आहेत, हे मेरी ऑस्टिन यांनी कधीही जाहीर केले नाही.

मरणोत्तर सन्मान

निधनानंतर 'बोहेमियन रॅप्सडी' पुन्हा प्रकाशित झाले आणि ब्रिटनमध्ये दुसऱ्यांदा पहिल्या स्थानावर गेले. त्याच्या विक्रीतून एड्सग्रस्तांसाठी काम करणाऱ्या संस्थेला दहा लाखांहून अधिक पौंडांची मदत मिळाली. १९९२ मध्ये 'वेन्स वर्ल्ड' या चित्रपटामुळे हे गीत अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकावर पोहोचले. १९७६ मध्ये त्याने गाठलेल्या स्थानापेक्षा हे कितीतरी वरचे होते. २० एप्रिल १९९२ रोजी वेम्बलीवर झालेल्या स्मृतिकार्यक्रमानंतर एड्सविरोधी कार्यासाठी मर्क्युरी फिनिक्स ट्रस्टची स्थापना झाली. त्या वर्षीच्या ब्रिट समारंभात मर्क्युरी यांना मरणोत्तर सन्मान देण्यात आला.

ग्रॅमी अकादमीनेही हळूहळू दखल घेतली. 'बोहेमियन रॅप्सडी' २००४ मध्ये अकादमीच्या गौरव-दालनात समाविष्ट झाले. अखेर २०१८ मध्ये 'क्वीन'च्या चारही सदस्यांना जीवनगौरव पुरस्कार जाहीर झाला. हा सन्मान स्पर्धेतून मिळत नाही. अकादमीचे विश्वस्त तो प्रदान करतात. मर्क्युरी यांच्या निधनाला तोपर्यंत २६ वर्षे उलटली होती. त्याच वर्षी आलेल्या त्यांच्या जीवनावरील चित्रपटाने पुढे चार ऑस्कर पुरस्कार मिळविले. मर्क्युरी यांची भूमिका करणारे रामी मालेक सर्वोत्कृष्ट अभिनेता ठरले. त्या चित्रपटाचा कळसही वेम्बलीवरील त्या २१ मिनिटांवरच रचलेला आहे.

ज्या विभागात १९८१ मध्ये 'क्वीन'चे नाव होते, तो विभागही आज जुन्या स्वरूपात उरलेला नाही. एकल गायक, समूह आणि वादन असे विभाग एकत्र करून २०१२ पासून सर्वोत्कृष्ट रॉक सादरीकरणाचा एकच पुरस्कार दिला जातो. विजेत्यांच्या यादीत मर्क्युरी यांचे नाव कोठेही नाही.

फेल्टममधील त्या छोट्या घरावर २०१६ मध्ये निळी स्मृतिपट्टिका बसविण्यात आली. माँत्रो येथे तलावाच्या काठी, हात उंचावलेला त्यांचा पुतळा १९९६ पासून उभा आहे. शाळेच्या वाद्यवृंदात गाण्याची पाळी न आलेल्या पाचगणीच्या त्या पियानोवादक विद्यार्थ्याने पुढे वेम्बलीवरील ७२ हजार लोकांकडून आपले आलाप गाऊन घेतले. त्या सादरीकरणाला कोणतेही स्मृतिचिन्ह मिळाले नाही. आजही रॉकच्या मंचावर पाऊल ठेवणाऱ्या नव्या गायकाची तुलना होते ती त्याच २१ मिनिटांशी.